ओळंब्याची दोरी फोटोत वाकते तेव्हा: लेन्सचं डिस्टॉर्शन मोजायचं आणि काढायचं कसं

पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या गोल चकत्या मोजायला आम्ही टेबलाच्या वर कॅमेरा बसवला होता. चकतीचा व्यास ५० मिमी. फ्रेमच्या मधोमध ठेवली की स्क्रीनवर बरोबर ५०.० यायचं, उजव्या कोपऱ्यात सरकवली की ४८.६. चकती तीच, उजेड तोच, कोडही तोच. तिथल्या फोरमननं विचारलं, "सर, मधे बरोबर मोजतोय, मग कडेला माप का खातोय?"

माप लेन्स खात होती. स्वस्त वाइड अँगल लेन्स कडेचं चित्र आत ओढते, त्यामुळे तिथली वस्तू लहान दिसते. लेन्सच्या या विकृतीलाच डिस्टॉर्शन म्हणतात. हे दुरुस्त करायचं गणित जुनं आहे, तयार कोडही फुकट मिळतो. तरी आमचं पहिलं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे आकडे मोजून काढणं, चुकलं. प्रोग्रामनं दिलेला 'चूक किती' याचा आकडा अगदी छान होता आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. म्हणून या लेखात सूत्रांना जेवढी जागा आहे तेवढीच फोटो कसे काढायचे आणि निकाल कसा तपासायचा यालाही आहे. इथे वापरलेली साधनं ओपनसीव्ही या, चित्रांवर काम करणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीतली आहेत.

सरळ रेघ वाकते कशी

आदर्श कॅमेरा म्हणजे एक सुईचं भोक असलेली काळी पेटी. समोरच्या बिंदूचं आडवं अंतर त्याच्या खोलीनं भागलं की 'क्ष' मिळतो, उभं अंतर खोलीनं भागलं की 'य'. ही झाली पिक्सेलमध्ये जाण्याआधीची शुद्ध स्थिती. तिला फोकल लेन्थनं (भोक ते सेन्सर अंतर, पिक्सेलमध्ये) गुणून त्यात मुख्य बिंदूचे, म्हणजे लेन्सचा अक्ष चित्राला छेदतो त्या जागेचे, निर्देशक मिळवले की पिक्सेल मिळतो. अशा कॅमेऱ्यात सरळ रेघ सरळच राहते.

खरी लेन्स मधे येऊन 'क्ष' आणि 'य' थोडे हलवते. मध्यापासूनच्या अंतराला 'त्रि' म्हणू, म्हणजे त्रि² = क्ष² + य². मग मुख्य सूत्र असं:

क्ष′ = क्ष × (१ + क१·त्रि² + क२·त्रि⁴ + क३·त्रि⁶)

'य'साठीही कंस हाच. क१, क२, क३ आणि पुढे येणारे प१, प२ हे त्या लेन्सचे गुणक, तेच शोधायचे असतात. ही झाली त्रिज्येच्या दिशेची विकृती. क१ ऋण असेल तर कडा आत येतात आणि चौकोन पिंपासारखा फुगतो, त्याला बॅरल म्हणतात. क१ धन असेल तर कोपरे बाहेर ताणले जातात, ते पिनकुशन. दुसरी विकृती येते लेन्सची भिंगं एका अक्षावर नीट न बसल्यामुळे किंवा सेन्सर किंचित तिरका असल्यामुळे. तिच्यासाठी क्ष′ मध्ये २·प१·क्ष·य + प२·(त्रि² + २क्ष²) एवढं वाढतं आणि य′ मध्ये प१·(त्रि² + २य²) + २·प२·क्ष·य एवढं. भिंगांचा अक्ष चुकल्यानं काय होतं याचा अभ्यास कॉनरेडीनं १९१९ मध्ये मांडला. डुएन ब्राऊननं १९६६ आणि १९७१ मध्ये तो फोटोवरून मोजमाप करणाऱ्यांच्या हातात दिला. म्हणूनच या मॉडेलला ब्राऊन-कॉनरेडी मॉडेल म्हणतात.

सूत्र नुसतं वाचून हातात बसत नाही, म्हणून एक गणित करू. चित्र १२८० × ७२०, फोकल लेन्थ ९०० पिक्सेल, मुख्य बिंदू (६४०, ३६०), क१ = −०.३०, क२ = ०.१०, बाकी सगळे शून्य. एक बिंदू घ्या: क्ष = ०.६, य = ०.३. त्रि² = ०.४५ आणि त्रि⁴ = ०.२०२५. कंसाची किंमत १ − ०.१३५ + ०.०२०२५ = ०.८८५२५. आदर्श कॅमेऱ्यात हा बिंदू (११८०, ६३०) वर पडला असता. प्रत्यक्षात तो साधारण (१११८, ५९९) वर पडतो, म्हणजे आडवा ६२ आणि उभा ३१ पिक्सेल आत. आता मध्याजवळचा बिंदू घ्या: क्ष = ०.१, य = ०. तिथे सरक आहे जेमतेम ०.२७ पिक्सेल. मध्यभागी डिस्टॉर्शन जवळजवळ नसतंच. पुढची सगळी काळजी याच एका गोष्टीमुळे घ्यावी लागते: ज्या आकड्यांचा शोध घ्यायचा, त्यांची माहिती फक्त फ्रेमच्या कडांना असते.

बोर्ड

झेंगयो झँगनं २००० साली प्रसिद्ध केलेली पद्धत आज जवळजवळ सगळीकडे वापरली जाते. एक सपाट नक्षी घ्यायची, तिचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढायचे आणि कॅमेऱ्याचे आकडे त्यातून काढायचे. सगळ्यात सोपी नक्षी म्हणजे बुद्धिबळाचा पट.

पट १० × ७ घरांचा करा. प्रोग्रामला घरं सांगायची नसतात, आतले कोपरे सांगायचे असतात, म्हणजे ९ × ६. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो: घरांची संख्या दिली की पट सापडतच नाही. एक बाजू सम आणि एक विषम ठेवली म्हणजे पट उलटा धरलाय की सुलटा हे प्रोग्रामला ओळखता येतं. पटाभोवती एका घराएवढी पांढरी कडा सोडा.

ए-३ कागदावर ३० मिमीची घरं छान बसतात: ३०० × २१० मिमी. छापताना 'फिट टू पेज' बंद करा आणि छापल्यावर दोन्ही बाजू स्टीलच्या पट्टीनं मोजा. घराचं माप सगळीकडे सारख्याच प्रमाणात चुकलं, तर त्याचा परिणाम बोर्ड किती लांब होता एवढ्यावरच होतो. फोकल लेन्थ आणि डिस्टॉर्शनचे आकडे त्यानं बिघडत नाहीत. पण प्रिंटरनं आडवं आणि उभं वेगवेगळं ताणलं असेल, तर ती चूक थेट कॅमेऱ्याच्या आकड्यांत शिरते. म्हणून एकाच बाजूचं माप घेऊन थांबू नका.

कागद सपाट असणं हे मापापेक्षाही महत्त्वाचं. सूत्र समजतं की बोर्ड पूर्ण सपाट आहे, आणि बोर्डाचा फुगवटा ते लेन्सच्या नावावर टाकतं. आमचा पहिला पट सनबोर्डवर चिकटवला होता. पावसाळ्याच्या दिवसांत महिन्याभरात तो मधून उचलला गेला. आता आम्ही जाड काचेवर किंवा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीटवर चिकटवतो. काच चमकते, म्हणून कागद मॅट घ्यायचा आणि काचेच्या वरच्या बाजूला लावायचा.

साध्या पटाची एक अडचण आहे: सगळे कोपरे एकाच फोटोत दिसावे लागतात. त्यामुळे फ्रेमच्या अगदी टोकाला बोर्ड नेता येत नाही, आणि माहिती तर तिथेच हवी असते. चारुको बोर्डात पांढऱ्या घरांमध्ये ओळखखुणा छापलेल्या असतात, त्यामुळे अर्धा बोर्ड फ्रेमबाहेर गेला तरी उरलेले कोपरे कुठले हे कळतं. नवीन काम सुरू करत असाल तर सरळ चारुकोच घ्या.

फोटो काढताना

आधी कॅमेरा गोठवा. ऑटोफोकस बंद, झूम बंद, थरथर कमी करणारी सोय बंद. फोकस हलला की फोकल लेन्थ हलते, आणि वीस फोटो म्हणजे वीस वेगळे कॅमेरे होतात. ज्या रेझोल्यूशनमध्ये आणि ज्या मोडमध्ये पुढे काम करायचंय त्याच मोडमध्ये फोटो काढा, कारण बरेच कॅमेरे व्हिडिओसाठी सेन्सरचा थोडासाच भाग वापरतात. मोबाइल वापरणार असाल तर हे लक्षात घ्या: अनेक फोन फोटो साठवण्याआधीच लेन्सची दुरुस्ती करून टाकतात. अशा वेळी तुम्ही मोजता ते फोनच्या सॉफ्टवेअरनं मागे ठेवलेलं उरलंसुरलं डिस्टॉर्शन.

बोर्ड हातात धरू नका. हात हलतो, चित्र पुसट होतं आणि कोपऱ्याची जागा अर्ध्या पिक्सेलनं सरकते. बोर्ड टेकवून ठेवा, एक क्षण थांबा, मग फोटो घ्या. उजेड भरपूर आणि पसरलेला हवा.

आता मुख्य गोष्ट. बोर्ड तिरका हवा. कॅमेऱ्याला समांतर ठेवून नुसता पुढेमागे सरकवला, तर झँगच्या पद्धतीला नव्या फोटोतून फोकल लेन्थबद्दल नवं काहीच मिळत नाही. प्रत्येक फोटोत बोर्ड साधारण ३० ते ४५ अंश कलता ठेवा: कधी वरची कड पुढे, कधी डावी, कधी दोन्ही मिळून. आणि बोर्ड फ्रेमभर फिरवा. माझी पद्धत अशी आहे. फ्रेमचे मनातल्या मनात नऊ भाग करतो, प्रत्येक भागात किमान दोन वेगळ्या कलांचे फोटो घेतो, आणि चार कोपऱ्यांच्या भागांत आणखी एकेक. एकूण बावीस. मग सगळ्या फोटोंत सापडलेले कोपरे एकाच कोऱ्या चित्रावर ठिपके म्हणून टाकतो. कुठे पांढरा पट्टा राहिला असेल तर तिथे बोर्ड परत नेतो. या ठिपक्यांच्या चित्राला पाच मिनिटं लागतात आणि नंतरचे कित्येक दिवस वाचतात.

आमच्या पहिल्या वेळी हेच राहिलं होतं. अठरा फोटो, सगळ्यांत बोर्ड साधारण मधोमध. प्रोग्रामनं सरासरी चूक, म्हणजे फोटोत सापडलेला कोपरा आणि मॉडेलनुसार त्याची जागा यांतलं अंतर, सांगितली ०.१८ पिक्सेल. आम्ही खूश झालो आणि मशीन सुरू केलं. कोपऱ्यातली चकती तरीही चुकीचीच मोजली जात होती.

कोपरे शोधा, कॅलिब्रेट करा

कोड थोडकाच आहे. प्रत्येक फोटो करड्या रंगात बदला. 'फाइंड चेसबोर्ड कॉर्नर्स' हे फंक्शन कोपऱ्यांची ढोबळ जागा देतं, मग 'कॉर्नर सबपिक्स' ती पिक्सेलच्या अपूर्णांकापर्यंत नेतं. त्याला एक खिडकी द्यावी लागते. चित्रातल्या घरापेक्षा खिडकी मोठी झाली तर शेजारचा कोपरा तिच्यात शिरतो आणि उत्तर बिघडतं. दूरच्या, लहान दिसणाऱ्या बोर्डासाठी खिडकी लहान करा. प्रत्येक फोटोवर कोपरे रंगवून डोळ्यांनी बघा. ओळींचा क्रम उलटा लागलेला एक फोटो सगळं कॅलिब्रेशन नासवू शकतो.

बोर्डावरच्या कोपऱ्यांचे खरे निर्देशक मिमीमध्ये लिहा: (०, ०, ०), (३०, ०, ०), (६०, ०, ०) असे. ही यादी आणि फोटोंतले कोपरे 'कॅलिब्रेट कॅमेरा'ला दिले की फोकल लेन्थ, मुख्य बिंदू आणि पाच गुणक मिळतात. गुणकांचा क्रम क१, क२, प१, प२, क३ असा आहे. क३ शेवटी येतो, तिसऱ्या जागी येत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आकडे आणताना इथे हमखास गफलत होते.

हवं तर आठ, बारा किंवा चौदा गुणकांचं मॉडेलही निवडता येतं. साध्या लेन्सला त्यांची गरज नसते. जास्त गुणक दिले की मॉडेल कोपऱ्यांच्या जागेतली बारीकसारीक अशुद्धीही गिळतं, सरासरी चूक कमी दिसते आणि जिथे बोर्ड पोचला नव्हता तिथे ते भलतंच वळतं. मी क३ शून्यावर गोठवून सुरुवात करतो आणि गरज दिसली तरच तो मोकळा सोडतो.

आकडे वाचताना

सरासरी चूक सांगते की दिलेल्या फोटोंतले कोपरे मॉडेलशी किती जुळले. न दिलेल्या भागाबद्दल ती काही सांगत नाही. चांगल्या कॅमेऱ्यावर ती ०.२ ते ०.५ पिक्सेल यावी अशी माझी अपेक्षा असते. १ च्या वर गेली तर एखादा फोटो पुसट आहे, क्रम चुकलाय किंवा बोर्ड वाकलाय. पण ती कमी आली एवढ्यावर काम संपवू नका. आणखी या गोष्टी बघा.

प्रत्येक फोटोची चूक वेगळी काढा. एकदोन फोटो इतरांच्या तिप्पट असतील तर ते उघडून कारण शोधा, मगच काढा. मुख्य बिंदू चित्राच्या मध्यापासून फार लांब गेलाय का? आडवी आणि उभी फोकल लेन्थ जवळजवळ सारखी आहे का? चौरस पिक्सेल असलेल्या सेन्सरवर ती सारखी यायला हवी. 'कॅलिब्रेट कॅमेरा एक्स्टेंडेड' प्रत्येक आकड्याची अनिश्चितताही देतं. क३ ०.०५ आणि त्याची अनिश्चितता ०.०६ असेल, तर तो क३ तुमच्या फोटोंतून सिद्ध झालेला नाही. काढून टाका.

एक तपासणी कागदावर होते. मध्यापासून दूर जाताना विकृत अंतर वाढतच गेलं पाहिजे. म्हणजे १ + ३·क१·त्रि² + ५·क२·त्रि⁴ + ७·क३·त्रि⁶ ही किंमत फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत धन राहायला हवी. नुसता क१ = −०.३० घेतला तर ती त्रि = १.०५४ ला, म्हणजे अक्षापासून साधारण ४६.५ अंशांवर, शून्य होते. त्यापलीकडे मॉडेल चित्र परत आत दुमडतं आणि दुरुस्त चित्राच्या कडेला तीच वस्तू दुसऱ्यांदा, उलटी दिसते.

ओळंबा

ब्राऊननं १९७१ मध्ये लेन्सची विकृती मोजायला ताणलेल्या दोऱ्या वापरल्या होत्या. गवंडी भिंत तपासायला ओळंबा सोडतो, त्याच कारणासाठी: टांगलेली दोरी सरळ असते हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. मला ही तपासणी सगळ्यात जास्त भरवशाची वाटते, कारण तिचा बोर्डाशी संबंध नाही.

पांढऱ्या भिंतीसमोर काळ्या जाड दोऱ्याला नट बांधून टांगा. दोरा फ्रेमच्या डाव्या कडेजवळ येईल असा कॅमेरा लावा, मग उजव्या कडेजवळ. आडव्या कडांसाठी कॅमेरा ९० अंशांत फिरवा. दोऱ्यावरचे शेपन्नास बिंदू शोधा, दुरुस्त करा, त्यांतून एक सरळ रेघ बसवा आणि कुठला बिंदू रेघेपासून सगळ्यात लांब आहे ते बघा. वरच्याच उदाहरणातला कॅमेरा घेतला तर क्ष = ०.६ वरचा, फ्रेमच्या वरपासून खालपर्यंत जाणारा दोरा दुरुस्तीआधी टोकांच्या तुलनेत मधोमध जवळपास २४ पिक्सेल बाहेर फुगलेला दिसतो. दुरुस्तीनंतर हा फुगवटा अर्ध्या पिक्सेलच्या आत यायला हवा. आमच्या मधोमधच्या अठरा फोटोंवर आधारलेल्या मॉडेलमध्ये तो कडेला साडेतीन पिक्सेल उरला होता. ०.१८ ही सरासरी चूक सांगणारं मॉडेल तेच. बोर्ड कोपऱ्यांत नेऊन पुन्हा फोटो काढले तेव्हा सरासरी चूक ०.२९ झाली, वाढली, आणि दोरा सरळ झाला.

चित्र दुरुस्त करायचं की बिंदू

चित्र दुरुस्त करताना प्रोग्राम उलट्या बाजूनं चालतो. नव्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल घेतो, वरच्या सूत्रात घालून तो मूळ चित्रात कुठे पडला होता ते काढतो आणि तिथला रंग आणतो. म्हणून इथे सूत्र उलटवावं लागत नाही. व्हिडिओसाठी हा नकाशा 'इनिट अनडिस्टॉर्ट रेक्टिफाय मॅप'नं एकदाच बनवून ठेवा आणि प्रत्येक फ्रेमला फक्त 'रीमॅप' करा.

दुरुस्त चित्राच्या कडांचं काय करायचं ते 'गेट ऑप्टिमल न्यू कॅमेरा मॅट्रिक्स'मधला अल्फा ठरवतो. ० दिला तर काळे भाग कापले जातात, १ दिला तर मूळ चित्रातला एकही पिक्सेल जात नाही पण कडेला काळ्या कमानी येतात. यातून नवी फोकल लेन्थ आणि नवा मुख्य बिंदू मिळतो, आणि दुरुस्त चित्रावरच्या पुढच्या सगळ्या गणितात तेच वापरायचे, डिस्टॉर्शन शून्य धरून. जुने गुणक पुन्हा दिले तर एकच दुरुस्ती दोनदा होते.

मोजमापच करायचं असेल तर चित्राला हात लावू नका. मूळ चित्रात कड शोधा आणि सापडलेले बिंदू तेवढे 'अनडिस्टॉर्ट पॉइंट्स'मधून काढा. रंग आणताना होणारी पुसटाई टळते आणि लाखो पिक्सेलऐवजी काही शे बिंदूंचंच काम राहतं. इथे मात्र सूत्र उलटवावं लागतं आणि त्याचं थेट उत्तर नाही, म्हणून अंदाज घेत जवळ जायचं. आपल्याच बिंदूवर करून बघा. विकृत क्ष′ = ०.५३११५ हाच पहिला अंदाज धरा, त्यावर कंसाची किंमत काढा, क्ष′ ला तिनं भागा, हाती आलेली किंमत पुढचा अंदाज. क्रमानं ०.५८५८, ०.५९७०, ०.५९९४, ०.५९९९ असं ०.६ कडे जाता येतं. चौथ्या फेरीनंतर उरते जेमतेम ०.१२ पिक्सेलची आडवी चूक. जोरदार विकृतीच्या लेन्सला फेऱ्या वाढवा.

या फंक्शनची उत्तरं ०.५९ सारखी आली तर घाबरू नका, ती सुईच्या भोकाच्या पेटीतली 'क्ष' आणि 'य' आहेत. पिक्सेल हवे असतील तर कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स, म्हणजे फोकल लेन्थ आणि मुख्य बिंदू यांचा तक्ता, फंक्शनच्या शेवटच्या 'पी' या जागी पुन्हा द्यावं लागतं.

चित्र अर्ध्या आकाराचं केलंत तर फोकल लेन्थ आणि मुख्य बिंदूही अर्धे करा, गुणक तसेच ठेवा. चित्र कापलंत तर कापलेल्या पट्ट्याएवढं मुख्य बिंदूतून वजा करा, बाकी काही बदलत नाही.

फिशआय असेल तर

फिशआय म्हणजे अतिशय रुंद दृश्यकोनाची लेन्स. वरचं सगळं त्रिज्येच्या वर्गांवर चालतं आणि ती त्रिज्या म्हणजे कोनाचा टॅन्जंट. ६० अंशांना तो १.७३, ८० ला ५.६७, ९० ला अनंत. म्हणून एकूण दृश्यकोन १२० अंशांच्या पुढे गेला की ब्राऊनचं मॉडेल ओढूनताणून बसवू नका. कन्नाला आणि ब्रँड यांनी २००६ मध्ये मांडलेलं मॉडेल कोनावरच चालतं. ओपनसीव्हीत ते 'फिशआय' या वेगळ्या विभागात चार गुणकांसह आहे. त्याचे गुणक साध्या फंक्शनला देऊ नका: नावं सारखी असली तरी अर्थ वेगळा आहे.

चकतीकडे परत

दुरुस्त बिंदू अजून पिक्सेलमध्ये असतात. टेबलाच्या पृष्ठभागावर बोर्ड सपाट ठेवून एक फोटो घ्या आणि दुरुस्त कोपऱ्यांवरून पिक्सेल ते मिमी हे नातं बसवा. हे नातं त्या पृष्ठभागापुरतंच खरं असतं. कॅमेरा ६०० मिमी उंच आणि वस्तू ६ मिमी जाड असेल, तर तिची वरची कड ६००/५९४ पट मोठी दिसते, म्हणजे ५० चे ५०.५. ही लेन्सची चूक नाही आणि कितीही कॅलिब्रेशन केलं तरी जाणार नाही. बोर्डाखाली तेवढ्याच जाडीची पट्टी ठेवून नातं बसवा.

आता त्या टेबलावर रोज सकाळी व्हर्निअरनं मोजलेली एकच चकती नऊ ठिकाणी ठेवून बघितली जाते. नऊ आकड्यांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला की आधी लेन्स पुसताना फोकसची रिंग फिरली का ते बघतात. फिरली असेल तर बोर्ड काढतात आणि बावीस फोटो पुन्हा घेतात.